सुट्टीतला कोळी

दोन आठवड्यांत परततो असे घरी सांगून गेलेला माणूस दोन महिने झाले तरी परतला नव्हता. साल १९३२. एप्रिल महिन्यात तो निघाला होता. माणसाचे नाव अर्नेस्ट हेमिंग्वे, वय बत्तीस. दोन कादंबऱ्यांनी त्याचे नाव अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पोहोचवले होते. घरी बायको, चारचा होत आलेला एक मुलगा आणि जेमतेम पाच महिन्यांचा दुसरा. तो गेला होता मासे धरायला. अमेरिकेच्या दक्षिण टोकावरच्या की वेस्ट या चिमुकल्या बेटावरून क्युबाच्या हवाना बंदरात. अंतर सुमारे नव्वद मैल, म्हणजे आपल्या नागपूरहून अमरावती. होडी होती जो रसेल नावाच्या मित्राची. हा मित्र दारूबंदीच्या काळात त्याच होडीतून हवानाची चोरटी दारू आणत असे. हेमिंग्वे आंबोस मुंडोस नावाच्या हॉटेलात उतरला, रोज सकाळी समुद्रावर जाऊ लागला, आणि दिवसांचा हिशेब विसरला. शेवटी बायको पॉलीन हीच मुलांची सोय लावून मध्ये मध्ये त्याला भेटायला हवानाला येऊन गेली.

आपल्याकडे हेमिंग्वे घरोघरी पोहोचला तो मुख्यतः एका पुस्तकाने. ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ या त्याच्या छोट्याशा कादंबरीचा पु. ल. देशपांडे यांनी १९६५ साली ‘एका कोळियाने’ या नावाने अनुवाद केला. विदर्भातल्या वाचकाला समुद्र दिसतो तो नोकरीतल्या प्रवास सवलतीच्या रजेत, चार दिवस पुरीला नाही तर गणपतीपुळ्याला. गुडघाभर पाण्यात उभे राहून फोटो काढला की समुद्र संपला. अशा वाचकालाही त्या पुस्तकाने भर समुद्रातली एका म्हाताऱ्याची होडी दाखवली. मात्र ते पुस्तक लिहिणारा कोळी नव्हता. समुद्रावर तो गेला सुट्टीत, परदेशात, पुष्कळदा बायकामुलांना घेऊन, हौसेने. हौशी माणसाला पोटासाठी समुद्रावर जाणाऱ्याचे आयुष्य कितपत कळते? हा प्रश्न हेमिंग्वेच्या चरित्रात सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे, आणि त्याच्या सुट्ट्यांच्या मागे मागे गेले की तो नीट दिसतो.

बापाचा गळ

हेमिंग्वेचा जन्म २१ जुलै १८९९ चा, शिकागोजवळच्या ओक पार्क या गावी. म्हणजे समुद्रापासून आपल्याइतकाच दूर. वडील डॉ. क्लॅरेन्स हेमिंग्वे, आई ग्रेस गाणे शिकवणारी. सहा भावंडांत हा दुसरा. दर उन्हाळ्यात सगळे कुटुंब मिशिगन राज्यातल्या वलून तळ्याकाठच्या घरी मुक्कामाला जाई. डॉक्टरांना शिकारीचा आणि मासेमारीचा नाद. पोराच्या हातात त्यांनी शाळेच्या आधी गळ दिला. शिस्त कडक होती. जे माराल ते खाल्लेच पाहिजे, हा नियम. एकदा पोराने मित्राबरोबर एक साळिंदर मारले. डॉक्टरांनी ते शिजवून दोघांना खायला लावले. मांस चामड्यासारखे चिवट होते म्हणतात, पण नियम म्हणजे नियम.

पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, इटलीच्या आघाडीवर रेडक्रॉसच्या कामात असताना हा पोरगा जबर जखमी झाला. १९२१ साली त्याचे हॅडली रिचर्डसनशी लग्न झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात दोघे बोटीने पॅरिसला निघाले. वाटेत बोट स्पेनच्या विगो बंदरात काही तास थांबली. तिथे त्याने प्रथमच खाऱ्या पाण्यातले मोठे मासे आणि ते धरणारी माणसे पाहिली. पाण्यातून उसळ्या मारणारे टुना आणि बाजारात लादीवर आडवे पडलेले टुना, दोन्ही पाहिले. टोरोंटोच्या वर्तमानपत्रासाठी तो तेव्हा बातमीपत्रे लिहीत असे. त्यातले एक १९२२ च्या फेब्रुवारीत या टुनांवर निघाले. त्यानंतर सहा वर्षे समुद्र मागे पडला. पॅरिस, पहिला मुलगा जॉन, पहिली कीर्ती, पहिला घटस्फोट, पॉलीन फायफरशी दुसरे लग्न, हे सगळे त्या सहा वर्षांतले.

१९२८ च्या एप्रिलमध्ये तो गरोदर पॉलीनला घेऊन हवानामार्गे की वेस्टला उतरला. पॉलीनच्या श्रीमंत काकांनी भेट दिलेली फोर्ड गाडी तिथे तयार असायची होती. ती आली नव्हती. गाडीची वाट पाहण्यात काही आठवडे गेले आणि तेवढ्यात त्याला समुद्राचे वेड लागले. एक दिवस तो धक्क्यावर गळ टाकून बसला होता. मागून पाखराची शीळ ऐकू आली. लहानपणी रानात वडील मुलांना बोलावण्यासाठी लाव्यासारख्या एका पक्ष्याची शीळ घालत, तीच ही. वळून पाहतो तर खरेच वडील. आईवडील फ्लोरिडात सुट्टीला आले होते, हवाना पाहून बोटीने परत येत होते, आणि मुलगा इथे आहे याचा त्यांना पत्ताही नव्हता. बापलेकांची ती भेट आनंदाची झाली.

पण डॉक्टर फ्लोरिडात नुसते फिरायला आलेले नव्हते. तिथे त्यांची जमीन होती. १९२५ च्या सुमारास फ्लोरिडात जमिनींचे भाव आकाशाला भिडले होते. उत्तरेकडचे मध्यमवर्गीय लोक न पाहिलेले प्लॉट हप्त्यांवर घेत होते. डॉक्टरांनीही आयुष्यभराची पुंजी आणि वर कर्जाचे पैसे त्यात घातले. १९२६ नंतर भाव कोसळले. जमीन विकेना, हप्ते थांबेनात. कर्जखात्यांत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला ही कथा नवी नाही. भाव चढताना घेतलेले कर्ज भाव पडल्यावर लहान होत नाही. मधुमेह होता, छातीचे दुखणे होते, त्यात ही काळजी. ६ डिसेंबर १९२८ रोजी डॉ. हेमिंग्वे यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. तेव्हा अर्नेस्ट पाच वर्षांच्या जॉनला न्यूयॉर्कहून आगगाडीने फ्लोरिडाला नेत होता. तार गाडीत मिळाली. मुलाला गाडीतल्या नोकराच्या स्वाधीन करून तो मधल्याच स्टेशनावर उतरला आणि शिकागोची गाडी धरली. ज्या फ्लोरिडाने बापाला बुडवले त्याच फ्लोरिडाने मुलाला समुद्र दिला. हेमिंग्वेच्या मासेमारीत पुढे जी एक जिद्द, जवळजवळ सूडबुद्धी दिसते, ती या तारखेनंतरची आहे.

काळी होडी

हवानाच्या समुद्रात काय होते? किनाऱ्यालगतच खोल, गडद निळा गल्फ स्ट्रीम वाहतो. हा समुद्रातला उष्ण पाण्याचा प्रवाह; त्याला नदीच म्हणायला हरकत नाही. एप्रिल ते सप्टेंबर या दिवसांत त्यातून मार्लिन मासे जातात. मार्लिन म्हणजे भाल्यासारखी चोच असलेला, शेकडो पौंड वजनाचा, गळाला लागला की उभाच्या उभा पाण्याबाहेर झेपावणारा मासा. क्युबाचे कोळी त्याला वल्ह्याच्या लहान होड्यांतून धरत. होडी प्रवाहात सोडायची आणि जाड दोर वेगवेगळ्या खोलींवर सोडून ठेवायचे. काही चाळीस वाव, काही शंभराच्याही खाली. मासा लागला की दोर हातात धरायचा, पाठीवर घ्यायचा, आणि मासा थकेपर्यंत धरून बसायचे. हौशी माणसाची तऱ्हा निराळी. इंजिनाची होडी चालती ठेवायची, मागे आमिष लावलेले गळ ओढत न्यायचे, गळाची काठी, चक्री, अंगाला पट्टे, बसायला फिरती खुर्ची. मासा तोच, पाणी तेच, पण एकाला तो विकायचा असतो आणि दुसऱ्याला त्याचा फोटो काढायचा असतो.

कार्लोस गुतिएरेझ नावाच्या जुन्या क्युबन कोळ्याने हेमिंग्वेला मार्लिनच्या सवयी शिकवल्या. मासा आमिष कसे चाखतो, दोर किती सैल सोडायचा, कोणत्या क्षणी झटका द्यायचा. १९३३ च्या हंगामात हेमिंग्वेने पन्नासाहून अधिक मार्लिन धरले. ‘एस्क्वायर’ हे मासिक त्याच वर्षी सुरू झाले आणि पहिल्याच अंकात हवानाच्या मार्लिनवर त्याचा लेख होता. सुट्टीचा खर्च सुट्टीतूनच काढण्याची विद्या त्याला साधली होती. १९३४ साली ब्रुकलिनच्या व्हीलर कारखान्यातून त्याने स्वतःची होडी बनवून घेतली. अडतीस फूट लांब, काळ्या रंगाची, दोन इंजिने. एक धावण्यासाठी, दुसरे लहान, गळ ओढत सावकाश फिरण्यासाठी. किंमत साडेसात हजार डॉलरच्या आसपास. पैकी काही रक्कम ‘एस्क्वायर’च्या संपादकाने पुढच्या लेखांपोटी आगाऊ दिली. तारण म्हणाल तर लेखकाचे न लिहिलेले लेख! असे तारण आमच्या कोणत्याही शाखेत चालले नसते. होडीचे नाव ‘पिलार’, आणि हेच पॉलीनचे लाडके टोपणनाव होते.

त्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाच्या निसर्गविज्ञान अकादमीचे दोघे जण क्युबाला त्याच्याकडे येऊन राहिले. त्यांतले हेन्री फाउलर हे माशांचे शास्त्रज्ञ. मार्लिनच्या जातींचा घोळ त्यांना सोडवायचा होता आणि इतके ताजे मार्लिन दुसरीकडे कुठे मिळणार नव्हते. फाउलर यांनी पुढे माशाच्या एका जातीला हेमिंग्वेचे नाव दिले. हौसेतूनही ज्ञान जमा होते, हे मान्य केलेच पाहिजे.

बिमिनीतले दिवस

१९३५ साली हेमिंग्वेने होडीचे तोंड बहामातल्या बिमिनी बेटाकडे वळवले. तेव्हा ती इंग्रजांची वसाहत. मायामीपासून पन्नास मैल, आपल्या हिशेबाने नागपूर-वर्धा. पहिलीच सफर फसली. ७ एप्रिलला वाटेत एक शार्क होडीजवळ ओढला गेला. त्याला मारायला हेमिंग्वेने पिस्तूल झाडले. गोळी पितळी कठड्यावर आपटून फुटली आणि तिचे तुकडे त्याच्याच दोन्ही पायांत घुसले. होडीवर लेखकमित्र जॉन डॉस पॅसोस आणि त्याची बायको केटी होती. ही बाई इतकी संतापली की परतीच्या वाटेवर तिने हेमिंग्वेशी बोलणेच टाकले. आठवड्याभरात पायांना पट्ट्या बांधून तो पुन्हा निघाला.

बिमिनीला मोठे टुना होते, पण ते अख्खे हाती लागत नसत. गळाला लागून थकलेला टुना वर येईतो शार्क त्याचे लचके तोडत, आणि दोरीला नुसते डोके उरे. हेमिंग्वेने घाईने, माशाला उसंत न देता, टुना अख्खा वर आणून दाखवला. शार्कसाठी त्याने मशीनगनही ठेवली होती. हौशी मासेमारीचे नियम तेव्हा ठरत होते. पुढे १९३९ साली त्यासाठी आंतरराष्ट्रीय संघटना निघाली आणि हेमिंग्वे तिचा उपाध्यक्ष झाला. दोन नियम ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. शार्कने तोडलेला मासा विक्रमात धरायचा नाही. आणि मासा गळाला लागला की दुसऱ्या कोणी काठीला हात लावायचा नाही.

शाळेच्या सुट्टीत पॉलीन मुलांना घेऊन बिमिनीला येई. जॉन, पॅट्रिक आणि धाकटा ग्रेगरी. पांढरी वाळू, लाकडी घर, दिवसभर समुद्र. बाप पोरांना गळ बांधायला शिकवी, पोहायला नेई, खडकांवरचे मासे दाखवी. स्वतःच्या बापाने वलून तळ्यावर जे दिले तेच तो अधिक मोठ्या पाण्यावर देत होता. सांगोवांगीवरून आणि मुलांनी पुढे लिहिले त्यावरून दिसते की हे दिवस खरोखर सुखाचे होते. पण बाप शेजारी उभा असताना गळ धरणे सोपे नव्हते. हा बाप सगळ्या गोष्टींत पहिला होता आणि दुसऱ्याने पहिले आलेले त्याला फारसे सोसत नसे.

या सुट्ट्यांवर त्याने पुष्कळ पुढे एक कादंबरी लिहायला घेतली. ती त्याच्या हयातीत पुरी झाली नाही. ‘आयलंड्स इन द स्ट्रीम’ या नावाने १९७० साली छापली गेली. तिच्या पहिल्या भागात बिमिनीला राहणाऱ्या चित्रकाराकडे त्याची तीन मुले सुट्टीला येतात. मधल्या मुलाच्या गळाला एक प्रचंड तलवारमासा लागतो. मुलगा तासन्‌तास झुंजतो, हातापायांतून रक्त येते. काठीला कोणी हात लावायचा नाही, हा नियम. बाप शेजारी उभा राहून पाहतो. थांब म्हणावे तर मुलाचा अपमान, थांब न म्हणावे तर ही दशा. शेवटी मासा होडीपाशी आल्यावर सुटतो. सुट्टी संपते, मुले जातात, आणि थोड्याच दिवसांत धाकटी दोन मुले अपघातात गेल्याची तार येते. थोरला पुढे युद्धात मरतो. प्रत्यक्षात हेमिंग्वेची तिन्ही मुले बापाच्या मागे जगली. आगगाडीत मिळालेली ती एक तार त्याच्या मनात किती खोल गेली होती, ते या कल्पनेवरून समजते.

पाहण्याजोगे स्थळ

इकडे की वेस्टची दशा झाली होती. मंदीत गाव इतके बुडाले की १९३४ च्या जुलैत नगरपालिकेने दिवाळे निघाल्याचे सांगून कारभार राज्याच्या हाती दिला. बहुतेक लोक सरकारी मदतीवर. आता तरायचे तर पर्यटकांवर, असे अधिकाऱ्यांनी ठरवले आणि पाहण्याजोग्या अठ्ठेचाळीस स्थळांची यादी छापली. त्यात अठराव्या क्रमांकावर हेमिंग्वेचे घर! लोक फाटकाशी येऊन टकामका पाहू लागले. त्याने ‘एस्क्वायर’मध्ये त्यावर चिडून-हसून लेख लिहिला आणि घराभोवती भिंत घातली. दुसऱ्यांच्या समुद्रावर सुट्टी घालवणारा माणूस स्वतः दुसऱ्यांच्या सुट्टीतली गंमत झाला होता.

मग २ सप्टेंबर १९३५ ची रात्र आली. फ्लोरिडाच्या बेटांवरून भीषण चक्रीवादळ गेले. सरकारने तिथे रस्ता बांधायला पहिल्या महायुद्धातल्या बेकार सैनिकांना आणून तंबूवजा छावण्यांत ठेवले होते. त्यांना काढून नेणारी गाडी उशिरा आली आणि शेकडो माणसे वाहून गेली. हेमिंग्वे मदतीच्या होडीतून तिथे गेला, झाडाझुडपांत अडकलेली प्रेते त्याने पाहिली. एका डाव्या नियतकालिकात त्याने लिहिलेल्या लेखाचा मुद्दा अगदी साधा होता. श्रीमंत लोक, राष्ट्राध्यक्षांसारखे मासेमारीचे शौकीन, वादळाच्या महिन्यांत इथे फिरकत नाहीत, कारण त्यांना पंचांग ठाऊक असते आणि होड्यांची किंमत ठाऊक असते. ज्यांना दुसरीकडे जाता येत नाही अशांना मात्र त्याच महिन्यांत इथे आणून ठेवले. यादीतली आपली जागा त्याला पुरती ठाऊक होती. तोही पंचांग पाहून समुद्रावर जाणाराच.

विदर्भात हा फरक समुद्र न पाहताही समजतो. अंबाझरीवर रविवारी गळ टाकून बसणारा शौकीन आणि भंडाऱ्याकडच्या तलावात पहाटे डोंगा लोटणारा ढीवर, दोघांच्याही हाती मासा लागत नाही असे दिवस येतात. शौकीन घरी जाऊन वरणभात खातो. ढीवराला संस्थेच्या ठेक्याचा आणि जाळ्याच्या कर्जाचा हप्ता समोर दिसतो.

म्हातारा आणि उसना मुलगा

पुढची वर्षे भराभर सांगता येतात. स्पेनचे यादवी युद्ध, मार्था गेलहॉर्न, पॉलीनशी घटस्फोट, १९३९ पासून हवानाजवळ फिंका विहिया हे घर, १९४० साली मार्थाशी लग्न. ‘पिलार’वर आता ग्रेगोरिओ फुएन्तेस हा कॅनरी बेटांत जन्मलेला तांडेल होता. दुसऱ्या महायुद्धात हेमिंग्वेने ‘पिलार’वर बाँब आणि बंदुका चढवून जर्मन पाणबुड्या शोधायच्या मोहिमा काढल्या. सुट्टीला आलेल्या पॅट्रिक आणि ग्रेगरीलाही एका उन्हाळ्यात बरोबर घेतले. पाणबुडी हाती लागली नाही. मार्थाला हा सगळा पोरखेळ वाटत असे. ते लग्न मोडले आणि १९४६ साली मेरी वेल्शशी चौथे झाले. मुले मोठी होऊन आपापल्या वाटेने गेली. थोरल्याला समुद्रापेक्षा नदीतल्या ट्राउट माशांचे प्रेम, मधला आफ्रिकेत जाऊन शिकारी झाला, धाकटा आजोबांसारखा डॉक्टर. १९५१ साली पॉलीन वारली आणि धाकट्याशी बापाचे असे बिनसले की दुरावा कायमचा राहिला. समुद्र वारसा म्हणून कोणीच घेतला नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, १९३६ च्या एप्रिलमध्ये, त्याने ‘एस्क्वायर’मध्ये क्युबातल्या कोळ्यांकडून ऐकलेली एक हकीकत चार ओळींत दिली होती. एकटा म्हातारा, गळाला लागलेला अजस्र मार्लिन, दोन दिवस समुद्रात ओढत गेलेली होडी, शार्कनी खाऊन निम्म्याहून कमी उरलेला मासा, आणि होडीत रडत बसलेला म्हातारा. १९५१ च्या सुरुवातीला सुमारे आठ आठवड्यांत त्याने त्याचेच ते पुस्तक लिहिले. १९५२ च्या १ सप्टेंबरला ‘लाइफ’ या साप्ताहिकाने ते एका अंकात संपूर्ण छापले आणि दोन दिवसांत पन्नास लाखांवर प्रती संपल्या.

त्या पुस्तकातून त्याने काय काय काढून टाकले ते पाहावे. इंजिन नाही. खुर्ची नाही. मशीनगन नाही. होडी सोळा फुटांची, मासा तिच्याहून दोन फूट लांब. शार्कने तोडलेला मासा विक्रमात धरत नाहीत. म्हाताऱ्याला तर तोच विकून हिवाळा काढायचा आहे. मासा होडीला बांधल्यावर सान्तियागो मनाशी हिशेब करतो. दीड हजार पौंडांचा मासा, साफ करून दोन तृतीयांश उरेल, तीस सेंट पौंडाला. मग त्याला वाटते, याला पेन्सिल हवी. बँकेतल्या माणसाला पेन्सिल लागत नाही. तीनशे डॉलर. चौऱ्याऐंशी दिवस रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाचे तीनशे डॉलर शार्क एकेका घासाने खातात. कर्जाच्या कागदांवर मी मासेमारांची पुष्कळ आकडेमोड पाहिली, पण पीक हातात असताना ते जाते म्हणजे काय, ते मला या पानांवर अधिक नेमके समजले.

आणि मुलगा? म्हाताऱ्याला मुलगा आहे, पण पोटचा नाही, उसना. त्याच्या आईबापांनी त्याला दुसऱ्या होडीवर पाठवले आहे, कारण म्हाताऱ्याचे नशीब फिरले आहे. तो चोरून खाणे आणतो, आमिष आणतो, परतलेल्या म्हाताऱ्याचे हात पाहून रडतो. त्याने कोणाला हरवायचे नाही, त्याला कोणी हरवायचे नाही. तीन मुलांना समुद्रावर नेलेल्या बापाला जे नाते समुद्रावर जमले नाही, ते त्याने कागदावर एका परक्या पोरात लिहिले. मराठी नावात ‘कोळी’ शब्द दोन अर्थांनी वाचता येतो, पडून पुन्हा चढणारा किडा म्हणूनही. पुलंनी नाव मोठे चपखल शोधले.

शेवटच्या पानावर हेमिंग्वेने आणखी एक गोष्ट केली. कोळीवाड्यातल्या हॉटेलच्या गच्चीवर प्रवासी मंडळी बसली आहेत. एका बाईला कचऱ्यात तरंगणारा भला मोठा सांगाडा दिसतो. ती वाढप्याला विचारते, तो शार्कने काय केले ते सांगू लागतो, आणि तो सांगाडा शार्कचाच असे समजून ती मोकळी होते. सगळे पुस्तक वाचून झाल्यावर आपण, घरात सुखाने बसलेले वाचक, एकदम त्या गच्चीवर जाऊन बसतो. सुट्टीतला माणूस पाहतो आणि त्याला कळत नाही, एवढे सांगून तो थांबला. वीस वर्षांपूर्वी आंबोस मुंडोसमध्ये उतरलेला तरुण त्या गच्चीवर कुठेतरी बसलेला आहेच.

नवस

१९५४ च्या जानेवारीत आफ्रिकेत लागोपाठ दोन विमान अपघातांतून तो वाचला, पण शरीर खिळखिळे झाले. त्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले. ते घ्यायला तो जाऊ शकला नाही. पुस्तकातला सान्तियागो मासा मिळाला तर एल कोब्रेच्या माउलीच्या दर्शनाला जाईन असा नवस बोलतो. ही क्युबाची देवी होडीतल्या गरिबांना पाण्यावर सापडली अशी कथा आहे. हेमिंग्वेने नोबेलचे पदक त्याच देवस्थानाला वाहिले. कोळ्याने बोललेला नवस लेखकाने फेडला.

१९५६ साली सिनेमासाठी खराखुरा मोठा मार्लिन चित्रित करायला तो पेरूच्या काबो ब्लांकोला महिनाभर गेला. १९६० च्या मे महिन्यात त्याच्या नावाच्या मासेमारी स्पर्धेत फिडेल कॅस्ट्रो जिंकला आणि त्याने हेमिंग्वेच्या हातून चषक घेतला. जुलैत हेमिंग्वेने क्युबा सोडली ती कायमची. ‘पिलार’ मागे राहिली. रुग्णालयात विजेचे झटके दिले गेले, स्मरण गेले, लिहिणे थांबले. २ जुलै १९६१ रोजी आयडाहोतल्या केचम गावी त्याने बापाचीच वाट धरली. समुद्र तिथून शेकडो मैल दूर.

हवानाजवळच्या कोहिमार या कोळ्यांच्या गावी त्याचा अर्धपुतळा आहे. १९६२ साली तो उभारला तेव्हा तिथल्या कोळ्यांकडे द्यायला पैसे नव्हते. त्यांनी आपल्या होड्यांचे पितळी-काशाचे सुटे भाग, जुने पंखे, दोर बांधायच्या खुंट्या आणून दिल्या आणि त्या वितळवून पुतळा झाला. कोळी आपल्या होडीचा भाग सहजासहजी काढून देत नाही. तो त्याच्या रोजच्या भाकरीचा भाग असतो. तिथून काही मैलांवर फिंका विहियाच्या आवारात, पूर्वीच्या टेनिसच्या मैदानावर, ‘पिलार’ कोरड्या जमिनीवर उभी आहे. तिला पाहायला सुट्टीत आलेले प्रवासी येतात.